सासूबाई भुयारात उतरतात

आमचे थोरले भाऊजी कुठल्याही दारातून आत येताना मान वाकवतात. दार सात फुटांचं, भाऊजी सव्वापाच फुटांचे. मधे पावणेदोन फूट नुसती हवा खेळत असते. तरी मान वाकतेच. पाहुण्यांना वाटतं, काय नम्र माणूस आहे. नम्रतेचा काही संबंध नाही. सव्वीस वर्षं त्यांनी टेकडीखालच्या भुयारी किल्ल्यात गाईडचं काम केलं. तिथल्या चौकटी ठेंगण्या, पहिल्याच महिन्यात कपाळाला तीन टाके पडले, आणि तेव्हापासून मानेने आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला.

अशा आणखी खोडी आहेत. खोलीतून बाहेर पडताना ते दिवा घालवतात, मग आत कोणी असो नसो. आम्ही सगळे जेवत असतो, भाऊजी हात धुवायला उठतात आणि आमटी कुठे आणि पाणी कुठे हे आम्हाला चाचपून शोधावं लागतं. भर उन्हाळ्यात त्यांच्या पिशवीत स्वेटर असतो, कारण खाली बारा महिने एकच थंडी. बोलतात हळू, कारण खाली मोठ्याने बोललं की आपलंच बोलणं चार वेळा ऐकावं लागतं. माझ्या मते ही सवय सगळ्यांनीच लावून घेण्यासारखी आहे, पण माझ्या या वहीत लिहिण्यापलीकडे मी ते कुठे म्हणत नाही.

भाऊजी मुळात वायरमन. भुयारातला जनरेटर बिघडला म्हणून दोन दिवसांसाठी गेले होते. दुसऱ्या दिवशी तिथल्या गाईडला ताप भरला, बाहेर लोक तिकिटं काढून उभे, तेव्हा हेच हातात बॅटरी घेऊन पुढे झाले. इतिहास काही ठाऊक नव्हता. त्यांनी लोकांना दिवे कसे लागत, हवा कशी खेळवत, दीडशे माणसांचा श्वास कुठून आत येई आणि कुठून बाहेर जाई ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमनला आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. भाऊजी तिथेच राहिले.

सासूबाईंना हे कधीच रुचलं नाही. त्यांचा राग नुसता नोकरीवर नव्हता. त्याच सुमारास भाऊजींचं लग्न ठरत आलं होतं. मुलीचे वडील चौकस, म्हणाले जावयाचं काम बघून येतो. एकशे सव्वीस पायऱ्यांपैकी चाळीस उतरले, तिथूनच परत फिरले आणि निरोप पाठवला की मुलगी उजेडात द्यायची आहे. भाऊजींनी पुढे लग्नच केलं नाही. सासूबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, ‘त्या बिळाने माझी सून खाल्ली, मी तिथे पाऊल टाकणार नाही.’ आणि सासूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. एकदा मीठ कमी आहे म्हणाल्या, तर समुद्र आणून ओतला तरी ते कमीच राहतं.

पुढे कोणी विचारलं, तुमचा थोरला काय करतो, तर त्या म्हणायच्या, सरकारी खात्यात आहे, जमिनीचं काम बघतो. यात अक्षर खोटं नाही. पण त्यापायी एक शेजारी हद्दीच्या भांडणाची सगळी कागदपत्रं घेऊन सकाळी सकाळी दारात उभे राहिले होते. भाऊजींनी त्यांना चहा दिला, कागद शेवटपर्यंत वाचले आणि सांगितलं, माझ्याकडे तीस मीटर खालचं बघतात, वरचं दुसरीकडे.

दर वर्षी किल्ल्याच्या वर्धापनदिनाला एरवी बंद असणाऱ्या खोल्याही बघायला खुल्या असतात. दर वर्षी त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी आईसमोर बसायचे आणि म्हणायचे, आई, उद्या येतेस का. सासूबाई म्हणायच्या, गुडघे दुखतात. गुडघे चांगले होते तेव्हाही दुखायचे. भाऊजी बरं म्हणून उठायचे आणि जाताना दिवा घालवायचे.

या वर्षी त्यांनी विचारलं नाही. या महिनाअखेर ते निवृत्त होणार, वर्धापनदिन हा शेवटचा, आणि नेमकं या वर्षी नाही. आदल्या दिवशी ते जेवले, हात धुतले, दिवा घालवला, झोपायला गेले. सासूबाई अंधारात तशाच बसून राहिल्या. मी दिवा लावला तेव्हा म्हणाल्या, “धाकटे, तो काही बोलला नाही.”

मी म्हटलं, पंचवीस वेळा विचारून झालं, माणूस किती विचारणार.

त्या उठल्या. मी देवापुढची निरांजनं घासायला घेतली तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या. किल्ला बघायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती बघताना दिसायला. इतकी वर्षं नाही म्हणून आता हो म्हटलं, तर थोरला मनात म्हणेल, आई हरली. तेव्हा जायचं, पण त्याला कळता कामा नये. भुयारातल्या अंधाराने भाऊजींचे डोळे असे झाले होते की फाटकापाशी उन्हात त्यांना धड दिसत नसे, काळा चष्मा लावून ते अंदाजानेच तिकिटं फाडत. सासूबाईंचा सगळा भरवसा त्यावर होता. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही, माझा नेम आहे. त्या म्हणाल्या, बोलायला कोण सांगतंय, गप्प राहा, तोही नेमच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं, आईंना घेऊन जरा पाय मोकळे करून येते. एकशे सव्वीस पायऱ्या म्हणजे पाय चांगलेच मोकळे होणार होते.

सासूबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा मोठा काळा चष्मा काढला, डोक्याला हनुवटीखाली गाठ मारून रुमाल बांधला, ह्यांचा जुना ओव्हरकोट चढवला. भाऊजी पावलांवरून माणूस ओळखतात हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून चपलांऐवजी नातीचे खेळाचे बूट घातले, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. काठी घरी ठेवली, कारण काठीचा आवाज ओळखीचा. टेकायला छत्री घेतली. मीही तोंडाला मास्क लावला आणि लोकरीची टोपी कानांवर ओढली. आरशात बघितलं तर आम्ही दोघी बँक लुटायला निघाल्यासारख्या दिसत होतो. खिडकीतल्या तिकीटवालीने आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, दोन ज्येष्ठ नागरिक ना? मी एक्कावन्न वर्षांची. पण वेष घेतला की अपमान गिळावा लागतो.

फाटकापाशी भाऊजी होते. काळा चष्मा, स्वेटर, हातात बॅटरी. त्यांनी आमची तिकिटं फाडली, वर बघितलंही नाही. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. चष्म्यामागे त्यांचे डोळे चमकत असणार, पोराच्या खिशातून गोळी पळवल्यासारखे.

मग पायऱ्या. मी प्रत्येक पायरीला एक नाम घेत उतरले. एकशे आठ झाली तरी अठरा पायऱ्या उरल्या, त्या मी दिरांच्या नावे केल्या. सासूबाई छत्री टेकत, मधे मधे थांबत उतरत होत्या. भाऊजी पुढे होते, पण आज ते फार सावकाश चालत होते. दर वळणावर थांबून भिंतीतल्या विटांबद्दल काहीतरी सांगत. एका ठिकाणी तर सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा त्यांनी तिथल्या ओलीबद्दल सांगितलं. मागचा एक गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस घड्याळ बघायला लागला.

खाली पोचल्यावर भाऊजींनी सगळ्यांना लोखंडी दाराशी उभं केलं. हातभर जाडीचं दार. ते म्हणाले, इथे मी माणसं डोळ्यांनी मोजत नाही, कानांनी मोजतो. नऊ जण उतरलेत. एकाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा आहे. एक बाई पायरीगणिक काहीतरी पुटपुटतात, त्यांचं भलं होवो. आणि एकीने दोन नंबर मोठे बूट घातलेत.

“काही लोकांना वाटतं, जोडे बदलले की चाल बदलते,” ते म्हणाले. “दर चौथ्या पायरीला उजवा पाय घासतो, तो घासतोच.”

मी सासूबाईंकडे बघितलं तर त्या छताकडे बघत होत्या. भाऊजींनी आमच्या दिशेला बॅटरी वळवलीसुद्धा नाही. फक्त जाता जाता म्हणाले, आजीबाई, आत पाऊस पडत नाही, छत्री मिटलेली राहू द्या.

त्यांना कळलं होतं हे मला कळलं. सासूबाईंनाही कळलं असणार, पण ज्याने चष्मा लावला त्याने तो आधी काढायचा नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. भाऊजीही आधी बोलायला तयार नव्हते. एकाच घरात वाढलेली माणसं ती. मला मात्र घाम फुटला, तोही बारा अंश थंडीत.

बोळ काटकोनात वळत होता, म्हणजे दाराशी स्फोट झाला तरी झळ आत येऊ नये. कॅमेरावाल्याने भिंतीची जाडी विचारली, छताची विचारली, दाराचं वजन विचारलं. भाऊजी एकेक सांगत गेले. मग सैनिकांचं स्वयंपाकघर आलं. लोखंडी चुली, हंडे, भिंतीला टांगलेले हातभर लांब डाव. सासूबाईंनी ह्यांच्या ओव्हरकोटाच्या बाहीतून एक बोट बाहेर काढलं आणि चुलीवरून फिरवलं. धूळ नव्हती. भाऊजी रोज पुसतात हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

“धूर कुठे जायचा?” त्यांनी विचारलं. आवाज बदलायचा राहूनच गेला.

भाऊजी थांबले. म्हणाले, सव्वीस वर्षांत लोकांनी तोफा किती, सैनिक किती, मेले किती, सगळं विचारलं. धूर कुठे जायचा हे कोणी विचारलं नव्हतं. आणि मग त्यांना इतका हुरूप आला की काही विचारू नका. धूर नळातून चाळीस मीटर आडवा नेलेला, मधे पाण्याच्या टाकीतून गाळून थंड केलेला, आणि वर टेकडीवर एका पोकळ झाडाच्या बुंध्यातून बाहेर सोडलेला, म्हणजे शत्रूला वाटावं धुकं आहे. सासूबाईंनी तो नळ कुठून कुठे गेला ते छत्रीच्या टोकाने दाखवायला लावलं. मग भांड्यांचं पाणी विचारलं. भाऊजी म्हणाले, पाणी मोजून मिळायचं, माणशी एक तांब्या. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे भांडी घासतच नसतील. सगळे हसले. भाऊजीही हसले, पण तोंड वळवून.

त्यापुढे झोपायची खोली. तीन मजली पलंग, इतके जवळ जवळ की कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून. भाऊजींनी कोपऱ्यातली साहेबांची खुर्ची पुढे ओढली, जिच्यावर बसायला मनाई आहे अशी पाटी लावलेली आहे. पाटी उलटी केली. म्हणाले, आजीबाई, बसा. सासूबाई बसल्या. बूट जमिनीला टेकत नव्हते.

मग त्यांनी किल्ल्याची गोष्ट सांगितली. इथे दीडशे सैनिक तीन वर्षं शत्रूची वाट बघत बसले होते. रोज तोफा पुसायच्या, रोज दारं तपासायची, रोज हवेचं यंत्र हाताने फिरवायचं. शत्रू आलाच नाही. तो दुसऱ्या रस्त्याने गेला. तीन वर्षांत एकच गोळा सुटला, तोही चुकून, आणि तो गवताच्या गंजीला लागला.

“मग बसले कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“बसले होते म्हणून तो दुसऱ्या रस्त्याने गेला,” भाऊजी म्हणाले.

या वेळी कॅमेरावाल्यानेही कशाची जाडी विचारली नाही. भाऊजी पलंगाच्या कडेला टेकून हळूच पुढे बोलायला लागले. या पोरांना घरी पत्र लिहायची मुभा होती, पण कुठे आहोत ते लिहायची नव्हती. त्यामुळे आयांना काही सांगता यायचं नाही. शेजारणींनी विचारलं, मुलगा काय करतो, तर त्या म्हणायच्या, सरकारी काम आहे, जमिनीचं.

मी टोपी आणखी खाली ओढली.

“तुम्हाला मुलं किती, आजीबाई?” भाऊजींनी विचारलं.

“दोन.”

“काय करतात?”

“धाकटा बँकेत आहे. मोठ्या हुद्द्यावर.” आमचे हे हेडक्लार्क आहेत, पण असो.

“आणि थोरला?”

हे विचारताना त्यांचा आवाज तसाच हळू होता, पण बॅटरी त्यांनी आपल्याच पायांवर रोखली होती. मला एकदम जाणवलं की आजचे हे सगळे टोमणे, सगळी खोडी, हा एक प्रश्न विचारता यावा म्हणून होती. आई, येतेस का, हे त्यांनी या वर्षी विचारलं नव्हतं. त्याच्या जागी हे विचारलं. सासूबाई पुन्हा जमिनीचं काम म्हणाल्या असत्या, तर भाऊजी हसून पुढच्या खोलीत गेले असते आणि उरलेलं आयुष्य आमच्याकडे दिवे घालवत राहिले असते. मी देवाचं नाव घेतलं. या वेळी मोजून नाही.

सासूबाईंनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

“थोरला गाईड आहे,” त्या म्हणाल्या. “असाच भुयारी किल्ला दाखवतो. ह्याच्याहून मोठा.”

कॅमेरावाला लगेच पुढे सरकला. ह्याच्याहून मोठा आहे कुठे म्हणून विचारायला लागला. सासूबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

“तुम्ही चांगलं सांगता,” त्या भाऊजींना म्हणाल्या, “नाही म्हणत नाही. पण माझ्या मुलाचं एकदा ऐका. लोक टाळ्या वाजवतात त्याला. मीच मेली कधी गेले नाही बघायला. गुडघे दुखायचे.”

“अजून दुखतात?”

“आज नाही दुखले.”

 भाऊजींनी बॅटरी बंद केली, कदाचित सवयीने, कदाचित नाही. क्षणभर आम्ही नऊ माणसं मिट्ट काळोखात होतो आणि कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. मग बॅटरी लागली आणि ते पुढच्या खोलीकडे निघाले. तिथल्या टेलिफोनबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सगळं उलटंसुलटं होतं. कॅमेरावाल्याने दोनदा दुरुस्त केलं आणि भाऊजींनी दोन्ही वेळा मान डोलावली.

फेरी संपली आणि मग खरी अडचण उभी राहिली. उतरणं झालं होतं, आता एकशे सव्वीस पायऱ्या चढायच्या होत्या. सासूबाई पहिल्या तीन चढल्या आणि चौथीवर बसल्या.  मी म्हटलं, मी पाठीवर घेते. त्या म्हणाल्या, दोघी कोसळू आणि तुझ्या वहीत लिहायला कोणी उरणार नाही.

भाऊजींनी बाकीच्यांना थांबवलं. तोफगोळे खालच्या कोठारातून वर तोफेपर्यंत चढवायचा एक लोखंडी पिंजरा तिथे आहे, सरळ उभ्या विहिरीत लोंबणारा, हाताने चाक फिरवून वर जाणारा. आजारी माणसाला त्यातून वर न्यायची परवानगी आहे, दर वर्षी वाळूची पोती घालून त्याची तपासणीही होते. पण सव्वीस वर्षांत पोत्यांपलीकडे त्यात कोणी बसलेलं नव्हतं. भाऊजींनी आपला स्वेटर काढून आत अंथरला, सासूबाईंना उचलून बसवलं, पट्टे आवळले, दोनदा ओढून बघितले आणि जाळीचं दार लावलं. सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन, छत्री धरून, काळ्या चष्म्यात बसल्या होत्या. ज्या शत्रूने हे बघितलं असतं तो परत दुसऱ्याच रस्त्याने गेला असता.

चाक फिरायला लागलं. करकरत, हातभर हातभर पिंजरा वर सरकत अंधारात गेला. आम्ही माना वर करून बघत होतो. कॅमेरावाल्याने मदतीला हात पुढे केला, भाऊजींनी मानेनेच नको म्हटलं. कपाळावर घाम, कानशिलं लाल, ओठ घट्ट मिटलेले. अर्ध्यावर त्यांनी एका हाताने चाक अडवलं, दुसरा कमरेवर ठेवला आणि वर तोंड करून विचारलं, आजीबाई, नीट आहात ना?

विहिरीतून आवाज आला, चार वेळा घुमत, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“मी ठीक आहे रे. तू हळू फिरव. मागच्या महिन्यात तुझीच कंबर धरली होती, आणि शेकायला मलाच बसावं लागलं.”

चाक थांबलेलंच राहिलं. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. कॅमेरावाल्याने विचारलं, ओळखीच्या आहेत का?

“आई आहे माझी,” भाऊजी म्हणाले.

“मग तो दुसरा? तुमच्याहून चांगलं सांगणारा?”

“तिचं असं म्हणणं आहे,” भाऊजी म्हणाले आणि पुन्हा चाकाला भिडले. “एकदा जाऊन ऐकायला हवं त्याला.”

आता ते फिरवत होते ते काही हळू नव्हतं. मी पायऱ्यांनी निघाले. नाम घ्यायचं होतं, पण मला सारखं हसू फुटत होतं, आणि हसत हसत घेतलेलं नाम धरतात की नाही हे मला ठाऊक नाही. साठाव्या पायरीवर बसले, नव्वदाव्या पायरीवर पुन्हा बसले. वरून कोणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता.

वर उन्हात आले तेव्हा डोळे दिपले. फाटकापाशी पुढच्या फेरीची रांग लागली होती, वीस-पंचवीस माणसं. तिकीटवालीने सासूबाईंना पिंजऱ्यातून उतरवून बाहेर आपल्या खुर्चीत बसवलं होतं. चष्मा काढलेला, रुमाल सोडलेला, नातीचे बूट काढून शेजारी ठेवलेले. रांगेतली एक बाई त्यांना विचारत होती की आत बघण्यासारखं काही आहे का, की उगीच पायऱ्या उतरायच्या.

सासूबाई सांगत होत्या, पायऱ्या आहेत खऱ्या, पण सावकाश नेतात. धूर कुठे जायचा ते आवर्जून विचारा. आणि पुढे उभं राहा, कारण तो हळू बोलतो.

“तो कोण?” बाईने विचारलं.

“थोरला माझा,” सासूबाई म्हणाल्या. “येतोच आहे वर.”